चार कवड्यांत सात पडत नाहीत

ताई,

तुमच्या तेराव्याचा शिरा मी बिघडवला, हे आधी सांगून टाकते. साखर दोनदा पडली. दुःखाच्या घरी शिऱ्याला नावं ठेवायची नसतात म्हणून पंगतीत कुणी काही बोललं नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेननी दोनदा मागून घेतला, तेव्हाच मी ओळखलं की आपल्याकडच्या मंडळींना तो गिळवत नसणार. तुम्ही असतात तर पहिल्या घासालाच म्हणाला असतात, "रेखा, हा शिरा आहे की पाक?" आणि मग वाटी पुसून संपवली असतीत.

ही कबुली सोपी आहे. दुसरी एक आहे. ती मी जुईजवळ द्यावी म्हणून तुम्ही पाच महिने माझ्यामागे होतात आणि मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. शेवटी सांगितलं, पण तुम्ही गेल्यावर. त्याचीच हकीकत लिहायला बसलेय. मध्ये शिरा आला, कारण सरळ मुद्द्यावर येणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

बावीस वर्षं आपण जावा होतो आणि बावीस वर्षं मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणत आले. भांडतानासुद्धा. "तुम्ही जरा गप्प बसता का?" असं मोठ्या जावेला आदरपूर्वक सुनावणारी बाई अख्ख्या सामरवरणीत मी एकटीच असेन. दोघे भाऊ शिरपूरकडून इकडे सिल्वासाला, खडोलीच्या सुताच्या कंपनीत आले, त्यांच्यामागोमाग आपण दोघी. तुम्ही तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या. वास वर जातो म्हणतात, पण आमच्याकडचा करपल्याचा वास कायम खाली तुमच्याकडेच यायचा, आणि पाच मिनिटांत जिन्यातून तुमची हाक. गुडघे दुखायला लागल्यावर तुम्ही वर यायचं सोडलंत. हाक सोडली नाहीत.

जुई माझी मुलगी, पण तिने बोलायला शिकल्यावर 'आई'च्या आधी 'मोठी आई' म्हटलं. मी आठवडाभर रुसले होते. तुम्ही म्हणालात, "अगं, 'मोठी' हा शब्द तिला आवडला असेल, मी नाही." तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे हे आपल्याला त्याच्या आदल्या वर्षी कळलं होतं, आणि तेव्हापासून दर गुरुवारी तिला घेऊन वापीला थेरपीला जाणं हे माझं व्रत झालं होतं. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, घरी तिच्याशी खेळा. एवढंच. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई, मला नुसतं 'खेळा' म्हणून कसं चालेल? मी घरी येऊन वेळापत्रक केलं, त्याला प्लास्टिकचं कव्हर लावलं आणि फ्रिजवर चिकटवलं. पाच ते साडेपाच, खेळ. साडेपाचला खेळातून काय शिकलो त्याची वहीत नोंद. नोंद अर्थात मीच करायची.

एक दिवस तुम्ही वाटीभर चटणी घेऊन दारात उभ्या होतात आणि आमचा खेळ चालला होता. मी विचारत होते, लाल ठोकळा कुठे आहे? लाल ठोकळ्याच्या खाली काय आहे? निळा वर ठेवशील का? जुई कानांवर हात ठेवून भिंतीकडे बघत होती. तुम्ही चटणी ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "काय वं, तू खेळायला बसलीस की तपासणीला?"

मला तो शब्द फार लागला. मी तुम्हाला ऐकवलं की खेळ हे तिचं औषध आहे, मॅडमनी सांगितलंय. तुम्ही म्हणालात, औषध कुणी मागून घेतं का? ती ज्या दिवशी स्वतः मागेल त्या दिवशी तो खेळ. हा आपला वाद तिथे सुरू झाला आणि खरं सांगायचं तर संपलाच नाही. मी कायम विचारायचे की याचा तिला उपयोग काय. तुम्हाला तो प्रश्नच कळायचा नाही. तुम्ही उलट मला विचारायचात की तू लहानपणी खेळलीस त्याचा तुला काय उपयोग झाला, आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून स्वतःच म्हणायचात, "काही नाही झालेला दिसत."

अष्टचंगाचा पट तुम्ही काढलात तेव्हा जुई चौदा वर्षांची होती. सुताच्या बॉबिनी येतात त्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने पाच बाय पाच घरं आखलीत, चार बाजूंच्या चार घरांवर आणि मधल्या घरावर फुल्या मारल्यात आणि माहेरून आणलेल्या चार कवड्या डब्यातून काढल्यात. पहिल्याच दिवशी कवड्या फरशीवर टाकल्या तर त्या आवाजाने जुई पळून वर आली. दुसऱ्या रविवारी तुम्ही खाली दुहेरी घडीची गोधडी अंथरलीत. कवड्यांचा आवाज मेला. जुई आली, बसली, आणि तिने कवड्या एका ओळीत लावल्या. मग पुन्हा उचलून पुन्हा ओळीत. तीन रविवार तिने फक्त ओळ लावली आणि तुम्हीही तिच्याशेजारी चिंचोक्यांची ओळ लावत बसलात. मी विचारलं, ताई, यातून काय होणार? तुम्ही मानही वर न करता म्हणालात, "ओळ होणार."

चौथ्या रविवारी तिने कवड्या तुमच्या हातात दिल्या आणि पटाकडे बघितलं.

आणि मग मी माझी हुशारी काढली. मी म्हटलं, तिला लिंबूटिंबू ठेवू या. आपण लहानपणी धाकट्या भावंडांना ठेवायचो तसं. तिची सोंगटी कुणी मारायची नाही, तिची पाळी चुकली तरी चालेल, ती आपली फिरेल गोल गोल, आनंद घेईल. मला वाटलं तुम्ही मला प्रेमळ म्हणाल. तुम्ही तेव्हा जे बोललात ते मी त्या दिवशी ऐकलं नाही, नंतर मात्र रोज ऐकतेय. तुम्ही म्हणालात, "लिंबूटिंबू मरत नाही रेखा, खरंय. पण तो जिंकतही नाही. तो असला काय न् नसला काय, डाव तसाच चालतो. तुला तिला तसं ठेवायचंय?"

मग ती खरीखुरी गडी झाली. तिच्या सोंगट्या म्हणजे शर्टाची चार पांढरी बटणं, चारही सारखी, एकाच्याही कडेला टवका चालायचा नाही. तुमच्या सोंगट्या लाल बांगडीचे तुकडे. मी हरभऱ्याचे दाणे घ्यायचे. चौथा गडी हवा म्हणून तुम्ही हंसाबेनना बोलावलंत. पंधरा वर्षं त्या आपल्या जिन्यात 'केम छो'च्या पुढे गेल्या नव्हत्या. पट बघताच त्या म्हणाल्या, "आ तो ईस्टो छे." मग अष्टचंग की ईस्टो यावर तुमची दोघींची जुंपली, आणि जुईने निकाल दिला की घरं तीच आहेत. हंसाबेनच्या सोंगट्या शेंगदाण्यांच्या असायच्या. सोंगटी मेली की त्या ती खाऊन टाकायच्या, आणि पुन्हा सुरुवातीच्या घरात ठेवायची वेळ आली की पिशवीतून दुसरा दाणा काढायच्या. जुईला हे अजिबात पटायचं नाही. तोच दाणा हवा, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी मेलेला दाणा डाव संपेपर्यंत खायचा नाही असा नियम झाला.

ओरडायचं नाही हाही तुमचाच नियम. अष्टचंग आणि ओरडायचं नाही म्हणजे मला तर तोंड बांधून लग्नात नाचायला सांगितल्यासारखं वाटलं. पण झालं काय, सोंगटी मेली की हंसाबेन दोन्ही हात हवेत नाचवायच्या, तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या पाय आपटायचात, गोधडीवर, आवाज न करता, आणि जुई आपली बोटं डोळ्यांसमोर भराभर हलवायची. वापीला तिला बोटं हलवू नकोस म्हणून मी किती वर्षं घसा कोरडा केला होता. त्या खोलीत सगळ्याच जणी काहीतरी हलवत होत्या, त्यामुळे तिची बोटं कुणाच्या डोळ्यांत आली नाहीत. माझ्याही नाही.

एका रविवारी हंसाबेन कवड्या हातात घेऊन थांबल्याच. वलसाडला त्यांचा एक भाऊ होता, जुईसारखाच. त्यांच्या अर्ध्या गुजराती अर्ध्या मराठीत त्यांनी सांगितलं की घरात त्याला सगळं मिळायचं, खायला, कपडे, देवदर्शन. त्याच्याशी कुणी कधी खेळलं मात्र नाही, कारण सुचलंच नाही कुणाला. तो खिडकीतून बाहेरच्या पोरांची लंगडी बघायचा आणि आत एकटाच एका पायावर उभा राहायचा. एवढं सांगून त्यांनी कवड्या टाकल्या. दोन पडले. जुईने त्यांच्याकडे न बघता त्यांचा शेंगदाणा त्यांच्या हाताजवळ सरकवला. जुई दुसऱ्याच्या सोंगटीला कधी हात लावत नाही, हे आपल्याला तिघींना माहीत होतं.

मारण्याचं मात्र तिला जमेना. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही, हा खेळाचा मूळ नियम. जुई मारायची नाही. समोर सोंगटी आयती असली तरी दुसरं बटण चालायची. दुसऱ्याची सोंगटी उचलून घरी पाठवायची म्हणजे तिला ते चुकीच्या जागी ठेवल्यासारखं वाटत असावं. सहा महिने तिची बटणं बाहेरच्या घरांतून फिरत राहिली. मी तुमच्याशी पुन्हा भांडले. तिच्यापुरता नियम सोडा, काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, गोधडी घातली, ओरडणं बंद केलं, ते तिला खेळता यावं म्हणून. हे सोडलं तर ती खेळणार कशात? आणि मग दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिने माझा हरभरा मारला. स्वतःच्या बोटांनी उचलला, माझ्या घरात नीट मधोमध ठेवला आणि म्हणाली, "तू इथून." मला इतका आनंद झाला की मी ओरडले. मला दोन डाव बाहेर बसवलं.

आता ते सांगते.

श्रावणातला रविवार. माझी नाशिकची बहीण आणि तिचे यजमान आले होते. स्वस्त बाटलीच्या या सिल्वासाला येणारे पाहुणे नेमके कशासाठी येतात याबद्दल तुमचं एक मत होतं, ते इथे लिहीत नाही. चहा झाला आणि ते दोघे तुमच्या घरी आपला खेळ बघायला येऊन बसले. बहीण म्हणाली, "अरे वा, जुई पण खेळते?" त्या 'पण'ने माझ्या डोक्यात काहीतरी शिरलं. मला एकदम हवंसं झालं की जुईने जिंकावं. आत्ता, या दोघांच्या समोर. तिची तीन बटणं आत पोचली होती, चौथं आत शिरायच्या दारातल्या घरात उभं होतं. तुमचा बांगडीचा तुकडा तिच्या बरोबर आठ घरं मागे. आणि तुम्ही कवड्या टाकल्यात. चारही पालथ्या. अष्ट.

तुमच्या गुडघ्यांमुळे तुम्ही खुर्चीत आणि पट खाली, म्हणून तुमच्या सोंगट्या कायम मीच सरकवायचे. मी तुकडा उचलला आणि मोजायला सुरुवात केली ती तो ज्या घरात उभा होता त्याच घरापासून. एक, दोन, तीन. भरभर. लहान मुलं करतात ती चूक. मी मुद्दाम केली. तुकडा जुईच्या बटणाच्या एक घर मागे येऊन थांबला.

जुईने पटाकडे बघितलं. मग म्हणाली, "सात."

मी म्हटलं, आठच आहेत बाळा. ती म्हणाली, "सात. चार कवड्यांत सात पडत नाहीत." तिचा आवाज चढायला लागला. एक, दोन, तीन, चार आणि आठ, एवढंच पडतं. सात पडतच नाहीत. पाहुणे हसायला लागले, कौतुकाने हो, आणि तिने तुमच्याकडे बोट केलं. सोंगटी तुमची होती ना. "मोठी आई खोटं मोजते."

त्या क्षणी मी एक शब्द बोलायचा होता. माझा तोंडाळपणा आपल्या दोन्ही घरांत प्रसिद्ध आहे, आणि नेमकं तेव्हा मी माझे हरभरे सारखे करत बसले. बहीण बघत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फार वेळ नाही, आणि जुईला म्हणालात, "चुकलं माझं."

जुईने चारही बटणं मुठीत घेतली आणि ती वर निघून गेली. जिंकायला थोडीच घरं राहिली होती. तिला तसं जिंकायचंच नव्हतं.

त्यानंतर ती तुमच्या घरी आली नाही. बाहेर जाताना तळमजल्यावर आली की तुमच्या दाराकडे न बघता म्हणायची, "इथे खोटं मोजतात." तुम्ही आत असायचात. ऐकायचात. दर रविवारी पाचला तुम्ही गोधडी अंथरून पट मांडून बसायचात. हंसाबेन यायच्या, मी यायचे. जुईची बाजू रिकामी. तिच्या जागी तुमच्या आतल्या खोलीत मोबाइल बघत बसलेल्या भाऊजींना बसवू या असं मी सुचवलं तर तुम्ही म्हणालात, "ती जागा भरायची नाही."

मी तुम्हाला विचारलं होतं की तुम्ही स्वतःवर का घेतलंत. तुम्ही चवळी निवडत होतात. म्हणालात, "माझ्यावर रुसली तर चालेल. तुझ्यावरचा भरवसा गेला तर ती राहील कुणाजवळ?" आणि लगेच पुढे, "पण म्हणून तू सांगायचं नाहीस असं नाही. मी तुला वेळ काढून दिलाय. सांग तिला."

मी हो म्हटलं. गणपती झाले की सांगते. नवरात्र झालं की. दिवाळीत नको, सणासुदीला तिचं बिनसलं तर. मग थंडीत तिला खोकला झाला. माझ्याकडे कारणांची कधी टंचाई नव्हती. खरं कारण तुम्हाला दिसत होतं. जगात एकच माणूस होतं जे माझ्याबद्दल कधी वाईट विचार करत नव्हतं आणि मला ते तसंच हवं होतं. त्यासाठी मी तुम्हाला खोटारडी होऊ दिलं. आणि त्या पाच महिन्यांत जुईने दुसरं काही मागितलंही नाही. पाच वाजले की ती खिडकीशी जायची आणि खालच्या पार्किंगमधल्या स्कूटर मोजायची. आधी कडेने, मग मधून. उपयोग काय, उपयोग काय म्हणून मी वर्षानुवर्षं तुमचं डोकं खाल्लं. तो मला त्या खिडकीशी कळला. कळून मी काय केलं? चहा ठेवला.

संक्रांतीनंतर तुम्हाला हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या दिवशी तुम्हाला बरं वाटत होतं, उशीला टेकून बसला होतात, मी संत्रं सोलत होते. तुम्ही विचारलंत, "सांगितलंस?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं. "हसली."

ताई, तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बरं." आणि संत्र्याची फोड घेतलीत. जुई असल्या गोष्टीवर हसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. चुकीचं मोजणं तिच्यासाठी हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. तिला माझ्याआधी तुम्ही ओळखलं होतंत. तर मग त्या 'बरं'चा अर्थ काय होता, हे मी रोज स्वतःला विचारते. तुम्ही मला सोडून दिलंत की तुम्ही दमला होतात? तुमच्याशी भांडून हे काढून घ्यायला हवं होतं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

जुईने तुमच्या जाण्याबद्दल फक्त एकच विचारलं. खुर्ची कुठे ठेवणार? मी म्हटलं, आहे तिथेच.

तेराव्यानंतरचा पहिला रविवार. साडेचारला मी तिच्या खोलीत गेले. ती रुमालांच्या घड्या घालत होती, सगळे चौकोनी, कडेला कड. मी तिच्यासमोर बसले आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. "बघ बाळा, कधी कधी काय होतं, मोठ्या माणसांना सुद्धा..."

"गोष्ट नको," ती म्हणाली.

मग मी सरळ सांगितलं. श्रावणातल्या रविवारी मोठ्या आईची सोंगटी मी सरकवली होती. सात मी मोजले. मुद्दाम मोजले, तू जिंकावंस म्हणून. मोठ्या आईने काही केलं नव्हतं. हे सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एका रुमालाचीही घडी होत नाही.

ती पुढेमागे डुलायला लागली. बराच वेळ. मग म्हणाली, "मोठी आई म्हणाली, चुकलं माझं."

"हो."

"तिचं नव्हतं."

"नव्हतं."

"मग ती खोटं बोलली."

काय सांगू ताई, तुमच्या माथ्यावरचं एक खोटं उतरवायला गेले आणि दुसरं चढवून बसले. मी म्हटलं, माझ्यासाठी बोलली. जुई उठली, कपाटातून चार बटणं घेतली आणि जिना उतरायला लागली. मी मागे. पहिल्या मजल्यावर हंसाबेन दारात उभ्या होत्या, त्या काही न विचारता मागोमाग आल्या. भाऊजींनी दार उघडलं आणि बाजूला झाले.

तिने गोधडी अंथरली. पट ठेवला. आणि मग सोंगट्या मांडल्या, ताई. तुमच्या, माझ्या, हंसाबेनच्या, तिच्या. त्या दिवशी जिथे होत्या तिथे. पाच महिन्यांपूर्वीचा डाव. हंसाबेनचा एक दाणा तिने पटावरून परत उचलला, विचार केला आणि शेजारच्या घरात ठेवला. तुमचा तुकडा दारातल्या बटणाच्या आठ घरं मागे. मग एक बोट त्याच्यावर ठेवून ती मोजत गेली, पुढच्या घरापासून, आपल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. आठवर तिचं स्वतःचं बटण होतं. तिने ते उचललं, आपल्या घरात नेऊन ठेवलं आणि तुमचा तुकडा त्या जागी बसवला.

"मेलं," ती म्हणाली. "मोठ्या आईला अजून एक डाव."

अष्ट पडलं की पुन्हा टाकायचं असतं. कवड्या तिच्या हातात होत्या. तिने तुमच्या खुर्चीकडे बघितलं. मी हात पुढे केला. सवयच ती, तुमचं सगळं मीच करायचे.

"तू नको," जुई म्हणाली. "हंसामासी टाकेल. मी मोजेन."

हंसाबेननी डोळे पुसून कवड्या टाकल्या. तीन पडले. जुईने तुमचा तुकडा तीन घरं पुढे नेला. मी माझ्या हरभऱ्यांजवळ बसून होते. माझी पाळी आली तेव्हा तिने मला कवड्या दिल्या, पण मी सरकवताना तिचं बोट माझ्या दाण्याच्या पुढे पुढे, प्रत्येक घरावर. आता हे असंच राहणार असं दिसतं. तक्रार नाही माझी.

तो डाव कोण जिंकलं तेही सांगते. हंसाबेन जिंकल्या. तुम्ही असतात तर हे कधी होऊ दिलं नसतंत.

पट आवरताना जुईने विचारलं, "मोठ्या आईला माहीत आहे? तू मला सांगितलंस ते?"

मला पुन्हा 'हो' म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "नाही. मी तिला सांगितलं होतं की तुला सांगितलंय. तेव्हा सांगितलं नव्हतं."

"आता सांग."

"आता कसं सांगू बाळा? मोठी आई..."

"लिही."

मी म्हटलं, लिहून काय होणार, पाठवायचं कुठे? तिने कवड्या डब्यात भरल्या, झाकण लावलं, ते नीट बसलंय की नाही ते दोनदा बघितलं. म्हणाली, "आठ होते, असं लिही."

म्हणून हा सगळा शिऱ्यापासूनचा खटाटोप. हॉस्पिटलात मी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं. जुई हसली नाही. ती डुलत राहिली, मग खाली आली आणि तिने पहिल्यापासून मोजलं. हे तुम्ही खुर्चीत असताना, तुमच्या देखत व्हायला हवं होतं, आणि ते होणं फक्त माझ्या हातात होतं.

आठ होते, ताई.

तुमची,
रेखा